चाकाचा चौथा नट

माणसाने गाडी घ्यावी, पण घेतल्या घेतल्या आत्याला फोन करू नये. मी केला. "आत्या, यंदा वीस मार्चला टेम्पोत उभं राहायचं नाही. मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला," एवढंच बोललो. 'गाडी' हा शब्द जरा घोळवून म्हटला होता, त्याची शिक्षा पुढे यथासांग मिळाली.

सुंदराबाई ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की तिची वाडी लागते. वीस मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर ती आली नाही, असं एकही साल गेलेलं नाही. लहानपणी चालत यायची, मग एसटीने, अलीकडे वाडीतल्या मंडळींबरोबर टेम्पोत. यंदा गुडघ्याने असहकार पुकारला होता आणि टेम्पोचं फळकं चढणं तिला अशक्य झालं होतं. माझा फोन ठेवल्यावर मात्र त्याच गुडघ्याने ती सबंध वाडी फिरली आणि 'मला माझा भाचा गाडीनं नेणार हाय' असं घरोघर सांगून आली.

आता गाडीबद्दल. ती लाल आहे. माझ्याआधी दोघांनी वापरलेली आहे. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ही गाडी पुरात कधीही बुडालेली नाही. महाडात जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हे सांगतो आणि घेणारा प्रत्येक जण मान डोलावतो. मीही डोलावली. सीटखाली वाळलेला चिखल सापडला तेव्हा बायको निशा म्हणाली, "त्यांच्या घरी कुंड्या असतील." बायकोचा हा समजूतदारपणा मला टोमण्यापेक्षा जास्त टोचतो.

एकोणीस तारखेला मी रजा टाकली. सकाळी बादली, फडकं घेऊन बाहेर आलो तर गाडी मागच्या बाजूने डावीकडे कललेली. टायर बसला होता. नुसता बसला नव्हता, त्याची कड हातभर फाटली होती. त्यामुळे 'हवा भरून बघ' हा सल्ला देणाऱ्यांचा मोठा वर्ग तिथल्या तिथे बाद झाला, याचं मला वाईट वाटलं नाही. स्टेपनी चांगली होती. चार नट काढायचे, चाक काढायचं, स्टेपनी लावायची, चार नट बसवायचे. गॅरेजवाला भरत फोनवर म्हणाला की तो सहकुटुंब जेवणाच्या मंडपात कांदे चिरायला बसलाय, आणि एवढं तर कुणीही करतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत एका मुलीने हे सगळं गाणं लावून केलं होतं. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. मुलीला जमतं ते मला न जमायला काय झालं?

व्हिडिओतल्या मुलीने बजावलं होतं की आधी नट सैल करा, मगच जॅक लावा. त्याप्रमाणे केलं. पहिला नट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याने थोडे आढेवेढे घेतले, पण निघाला. एवढ्या वेळात आळीतले चारदोन जण आजूबाजूला आले होते आणि मी घाम पुसताना मुद्दाम जरा हळू पुसत होतो. मग मी चौथ्या नटाला पाना लावला.

चौथा नट हलला नाही.

मी जोर लावला. मग श्वास रोखून जोर लावला. मग टपाला धरून पान्यावर उभा राहिलो आणि हळूहळू उड्या मारू लागलो. गाडी खालीवर व्हायला लागली, मी खालीवर व्हायला लागलो, नट मात्र जागच्या जागी. समोरच्या घरातला दीपेश नोकरीला मुंबईत असतो, वीस मार्चसाठी दोन दिवस आला होता. त्याने माझ्या उड्यांचा व्हिडिओ काढला आणि आळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अरविंददादांचा व्यायाम सुरू'. निशानेही त्याला अंगठा दिला होता.

हे सगळं आमच्या दारात चाललं होतं आणि आमचं दार म्हणजे त्या दिवशी सार्वजनिक जागा होती. वीस मार्चला राज्यभरातून लोक येतात. आमच्या आळीत त्यांच्यासाठी दरवर्षी चहा, नाश्ता, जेवण असतं. मंडपाचे लोखंडी पाइप उभे राहत होते, पातेली उतरत होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझी लाल गाडी तीन नट काढून उभी होती. जो येईल तो पातेलं खाली ठेवायचा, वाकून नट बघायचा आणि मला काहीतरी सांगायचा.

पहिले आले रामजीकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कुठल्याही गोष्टीकडे प्रथम तिच्या इतिहासाच्या अंगाने पाहतात. "हा नट यापूर्वी कोणी आणि केव्हा आवळला होता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कल्पना नाही. "तिथेच चुकलं," ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले. नंतर त्यांनी रॉकेल सुचवलं. रॉकेलचे दोन थेंब सोडले की गंज सुटतो, हे सर्वांनाच मान्य होतं. फक्त रॉकेल कोणाकडेच नव्हतं. रेशनवर मिळायचं बंद होऊन जमाना लोटला होता. त्यावर रॉकेल कसं मिळायचं, रांगा कशा लागायच्या, कुणाचा डबा कुणी पळवला, यावर छान चर्चा झाली. नटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तो स्प्रे येतो ना गंजाचा, तो मारा," दीपेश म्हणाला. "मुंबईत असता ना दादा, तर दो मिनिट का काम होतं." मी महाडात होतो. हार्डवेअरच्या दुकानाला कुलूप होतं, कारण दुकानदार हायवेवर पाहुण्यांना पाणी वाटायला गेला होता. अशा माणसावर रागावताही येत नाही. मग निशाची खोबरेल तेलाची बाटली आणली. नटाला तेल लावलं, थोपटलं, थोडा वेळ उन्हात ठेवलं. बाळंतिणीच्या घरात असतो तसा वास आळीत पसरला. नट हलला नाही.

तेवढ्यात काशीबाई आल्या. आळीतला सगळा स्वयंपाक त्यांच्या हुकमतीत असतो. कमरेला पदर खोचून त्यांनी नटाकडे एकदाच बघितलं.

"आगळ वत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोकमाचं आगळ रे. माझा पितळी हंडा बघितलास ना? तोंड दिसतंय त्यात. कशानं घासते मी? काळा थर निगतो, तर तुझा गंज कशापायी ऱ्हाईल?"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. खरंच, आमच्याकडे कोकमाने काय साफ होत नाही? पितळ होतं, तांबं होतं, उन्हाळ्यात पोट होतं. रामजीकाकाही म्हणाले, "आम्ल आहे ते. शास्त्रीय आधार आहे." मी आत धावलो. फडताळात आगळाची बाटली होती. ती सुंदराआत्यानेच स्वतः करून पाठवली होती आणि निशाने ती पाहुण्यांच्या सोलकढीसाठी राखली होती. निशा मंडपात पोळपाट मोजत होती, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. अर्धी बाटली मी नटावर ओतली. उरलेल्या आगळात चिंधी भिजवली आणि ती नटाभोवती गुंडाळून वर दोरा बांधला. "आता मुरू दे," काशीबाई म्हणाल्या. सगळे आपापल्या कामाला गेले आणि मी गाडीचा पास काढायला गेलो.

वीस मार्चला शहरात वाहनं सोडत नाहीत. पण वयस्कर माणसाला आणायचं असेल तर पास मिळतो, असं ऐकलं होतं. पास देणाऱ्या टेबलापाशी पोचायला बराच वेळ गेला. टेबलामागे एक तरुण गृहस्थ होते.

"वाहन समक्ष दाखवा," ते म्हणाले.

"वाहन घरी उभं आहे."

"मग आणा."

"उभं आहे म्हणजे, चालत नाही."

त्यांनी मान वर केली. "चालत नाही त्या वाहनाला पास कशाला हवा?"

मी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. समोरच्याला गप्प करणारं इतकं सुबक वाक्य मला एकदाही सुचलेलं नाही. "चाललं की घेऊन येतो," एवढं म्हणून मी परत फिरलो. चीड आली होती, पण आतून मी त्या मुलाला दाददेखील दिली.

घरी येऊन दोरा सोडला. चिंधी काढली. नट सकाळी तपकिरी होता, तो आता गर्द नारिंगी झाला होता. त्याच्या कडेने बारीक फेस आला होता आणि फेसाखाली नट आणि चाक यांच्यातली फट दिसेनाशी झाली होती. पान्याला पाय लावून ढकलला. नट पूर्वी निदान जोर लावला तर कुरकुरायचा, आता तेही बंद झालं. रामजीकाका वाकले. बोटाने थोडा फेस घेऊन त्यांनी चाटून पाहिला.

"अरविंद," ते म्हणाले, "आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घालतात ना रे?"

लोखंडाला मीठ लागलं की काय होतं, हे महाडच्या पोराटोरांना कळतं. समुद्राकडच्या पाहुण्यांच्या खिडक्यांचे गज आम्ही बघितलेले असतात. आणि तरी भर दुपारी आळीतल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून एका गंजलेल्या नटाला मिठाच्या पाण्याचा पोटीस बांधला होता.

"मी कुठं मिठाचं वत म्हटलं?" काशीबाई म्हणाल्या. "मी आगळ म्हटलं." आणि त्या वाटाणे सोलायला निघून गेल्या.

आगळाची रिकामी बाटली निशाने बघितली त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "निगालास का रे?"

"आत्या, उद्या सकाळी यायचं ठरलंय आपलं."

"ठावं हाय. टेम्पोवाला इचारायला आला होता, आजी, तुझी जागा ठेवू का म्हणून. चढवतो म्हणाला चौघं मिळून उचलून. मी म्हटलं, नाय, माझी जागा त्या नव्या सुनेला दे. माझा भाचा येतोय." मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "काच बटणानं खाली होते का रे?"

"होते," मी म्हणालो. चारातली एक होते.

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. इतका वेळ माझं आणि नटाचं भांडण होतं. आता तिची टेम्पोतली जागा गेली होती. वाडी पहाटे निघून जाणार होती आणि ती पांढरी साडी नेसून ओट्यावर बसून राहणार होती. नट निघाला नाही तर आत्याच्या आयुष्यातली पहिली वीस मार्च तळ्यावाचून जाणार होती, आणि ती माझ्यामुळे. "रिक्षा कर," निशा म्हणाली. सगळ्या रिक्षा वीर स्टेशनवरून पाहुणे आणण्यात गुंतल्या होत्या. स्टँडवर फक्त एक कुत्रं होतं. दीपेशने मोटरसायकल देऊ केली. जिला टेम्पोत चढता येत नाही, तिने मोटरसायकलवर टांग टाकायची कशी?

याच सुमारास हवालदार महिपत आले. मूळचे पोलादपूरच्या डोंगरातले, बंदोबस्ताला आमच्या आळीत. "सायब, गाडी हलवा. उद्या इथनं पाहुण्यांची रांग जानार हाय."

"हलत नाही हो."

"मग उचलून न्यावी लागंल."

मी त्यांचा हातच धरला. "न्या! आत्ता न्या. चाक काढून द्याल ना तिकडे?"

अशा आनंदाने गाडी देणारा माणूस त्यांना नोकरीत भेटला नसावा. ते जरा मागे सरकले. "मोठी क्रेन कशेडी घाटात हाय, ट्रक कलंडलाय तिथं. आमच्याकडं दुचाक्या उचलायची हाय नुस्ती." मग आम्ही दोघेही थोडा वेळ गाडीकडे बघत उभे राहिलो. जाताना ते म्हणाले, "सकाळपातुर बघा कायतरी." ते सगळेच बघत होते.

सकाळ झाली तेव्हा आळी भरून गेली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, 'जय भीम' करत येणारे जाणारे. नांदेडचे, अकोल्याचे, परभणीचे. आदल्या दिवशीचा व्हिडिओ कुठून कुठे गेला होता कोण जाणे, पण कांदेपोह्याची बशी हातात घेऊन एक बाई निशाला म्हणाल्या, "उड्या मारणारे हेच का वो?" मग त्यांनी मला त्यांच्याकडे विहिरीच्या मोटरचा नट कसा काढतात ते सांगितलं. परभणीच्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की नटाला हातोडी मारावी. मारली, ती माझ्या अंगठ्याला लागली. दीपेशला वाटलं की पोह्यांची भट्टी सरकवून नट तापवावा. सगळ्यांना ते पटलं, दोघे भट्टी उचलायलाही गेले. तेव्हा निशा कढईतलं उलथनं घेऊन मध्ये उभी राहिली. "पेट्रोलची टाकी कुठे असते, ठाऊक आहे का कोणाला?" तिने विचारलं. ठाऊक सगळ्यांना होतं. भट्टी जागेवर गेली.

मी फुटपाथवर बसलो होतो. आत्याचे दोन फोन येऊन गेले होते. दुसऱ्यांदा म्हणाली, "टेम्पो गेला रे. वाडी कशी मोकळी मोकळी वाटतेय."

महिपत परत आले. गाडी तिथेच, मी तिथेच. त्यांच्या मागे रांग तुंबून थांबलेली. ते वैतागून म्हणाले, "अवो पाइप घाला की पान्याला! घाटात ट्रकवाले काय करतात? लांब पाइप घालायचा आनि लोंबकळायचं."

पाइप! मंडपभर पाइप होते. दीपेशने सगळ्यात जवळचा उपटला. तो मंडपाचा कोपऱ्याचा पाइप होता, हे ताडपत्री खाली आली तेव्हा कळलं. ताडपत्रीखाली रामजीकाका चहा पीत होते. आतून त्यांचा आवाज आला, "हरकत नाही, चालू द्या." पाइप पान्याच्या दांड्यावर बरोब्बर बसला. त्याचं दुसरं टोक रस्त्याच्या निम्म्यापर्यंत गेलं. मी सर्वांत पुढे, नटाजवळ. माझी गाडी, माझा मान. माझ्यामागे दीपेश, महिपत, परभणीचे गृहस्थ, आणि अकोल्याच्या सहा दणकट बायका. "तीन म्हटलं की ओढायचं," मी म्हणालो. एक, दोन, तीन. परभणी तीनला ओढती झाली, अकोला तीन संपल्यावर. महिपतांनी तर दोनलाच सुरुवात केली होती. पुन्हा. पाइप वाकायला लागला. तळहातांची सालं निघताना मला कळत होती, पण सोडणार कोण? मागच्या एका बाईने 'जय भीम' अशी आरोळी दिली आणि त्या आरोळीवर मात्र सगळे जिल्हे एका वेळी ओढते झाले.

कडाड असा आवाज झाला. दुसऱ्या क्षणी मी रस्त्यावर उताणा होतो आणि माझ्यावर निम्मं अकोला होतं. माझ्या छातीवर नट येऊन पडला होता. नट सुटला होता, बोल्टच्या तुकड्यासकट. नट फिरलाच नव्हता, तो बोल्ट तोडून बाहेर आला होता. शेवटपर्यंत त्याने हार मानली नाही, याबद्दल मला त्याचा थोडा आदरही वाटला.

टाळ्या पडल्या. स्टेपनी लावायला दहा हात पुढे आले. मी उठायला गेलो आणि उठलो नाही. कंबर मध्येच थांबली. मला दोघांनी धरून उभं केलं तेव्हा मी काटकोनाच्या जरासा वर होतो, आणि तिथून पुढे सरळ होईना. तळहात सोलवटले होते. निशाने हळद भरली, दोन्ही हातांना फडक्याच्या जाड पट्ट्या बांधल्या. आगळाचा राग तोवर उतरला असावा, कारण गाठ बांधताना ती हळू बांधत होती.

"तीन नटांवर गाडी चालवणं नियमात बसत नाही," रामजीकाका ताडपत्रीतून बाहेर येऊन म्हणाले.

महिपतांनी आभाळाकडे पाहिलं. "मी काय बघितलं नाय. पन गाडी हालली पायजे."

दीपेश चालवायला बसला. माझे हात पट्टीत, म्हणून मी शेजारी वाकून बसलो. त्याला बजावलं होतं की तीन नट आहेत, सायकलच्या वेगाने ने. त्याने ते इतकं मनावर घेतलं की हायवेवर आम्हाला एक ट्रॅक्टर ओलांडून गेला आणि ट्रॅक्टरवाल्याने काही अडचण आहे का म्हणून विचारलं. समोरून पाहुण्यांच्या गाड्याच गाड्या महाडकडे निघालेल्या, आणि आम्हीच तेवढे उलटे पोलादपूरकडे.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर आत्या बसली होती. पांढरी साडी, केस चापून बसवलेले, मांडीवर पिशवी. गाडी थांबली तरी ती लगेच उठली नाही. आजूबाजूला बघितलं. ज्यांना दाखवायचं होतं ते सगळे टेम्पोतून केव्हाच गेले होते. शेवटी तिने खालच्या घरात मागे राहिलेल्या रखमाला हाक मारली, "रखमा गो! बाहेर ये, गाडी आली!" रखमा हात पुसत आली, तिने गाडीला प्रदक्षिणा घातली आणि "लाल हाय गो" असा अभिप्राय दिला. मग आत्या उठली, मागच्या सीटवर खिडकीपाशी ऐसपैस बसली आणि बटण दाबून काच खाली केली. नेमकी चालणारी काच तिच्या बाजूला आली, हा त्या दोन दिवसांतला माझ्या वाट्याचा एकुलता एक योग.

"तू असा का बसलायस रे वाकून?" तिने विचारलं.

"जरा कंबर," मी म्हणालो.

महाडच्या वेशीवर अडथळे लावले होते. अडथळ्यापाशी आता महिपतांची ड्यूटी लागली होती. त्यांनी गाडी ओळखली, मला ओळखलं, स्टेपनीकडे बघितलं, सलामही केला.

"पास?"

"अहो महिपत, काल वाहन समक्ष दाखवता आलं नाही म्हणून पास मिळाला नाही. आणि वाहन का दाखवता आलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वतः ओढलंत."

"सगळं खरं हाय सायब. पन बघा." त्यांनी मागे हात केला. मागे माणसंच माणसं होती. रस्ता दिसत नव्हता, नुसता पांढरा आणि निळा रंग दिसत होता. गाडी सोडणं महिपतच काय, कोणाच्याही हातात नव्हतं.

मी डोळे मिटले. चौथा नट, आगळ, मंडप, माझी कंबर, एवढं सगळं करून मी आत्याला नेमकं चालायला लावण्याच्या जागी आणून सोडलं होतं. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आत्या खाली उतरून साडी झटकत होती.

"आत्या, लांब आहे. तुझा गुडघा."

"गुडघा माझा हाय, मी बघते. आमी काय, चालतच यायचो." तिने माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "तुला जमंल का?"

दीपेश गाडीपाशी थांबला. आम्ही निघालो. मी तिला आधार द्यायचा म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लवकरच लक्षात आलं की भार माझाच तिच्यावर पडतोय. ती एक पाय ओढत, मी वाकून. पण तिला लय सापडली, मला सापडेना. बाजूचे स्वयंसेवक गर्दी बाजूला करत होते. एक तरुण धावत आला, खुर्ची घेऊन. "बाबा, बसा थोडं," तो मला म्हणाला. "आजी, यांना सावकाश न्या." आत्या म्हणाली, "नेते." सबंध वाटभर मला तीन ठिकाणी खुर्ची, दोन ठिकाणी सरबत आणि एकदा वारा घालणं मिळालं. तिला कोणी काही विचारलं नाही. वाटेत वाडीतली मंडळी भेटली. "आजी, गाडी कुठं हाय?" टेम्पोवाल्याने विचारलं. आत्या थांबलीसुद्धा नाही. "हाय की बाहेर उभी," ती म्हणाली. "मी म्हटलं भाच्याला, आजच्या दिसाला गाडीनं जायचं नसतं."

तळ्याच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा गर्दी दाटली होती, तरी लोक तिला वाट देत होते. ती एकेक पायरी बसत बसत उतरली. शेवटच्या पायरीवर टेकली, हात पाण्यात घातले आणि थोडा वेळ तसेच ठेवले. मग ओंजळ भरून प्यायली आणि माझ्याकडे वळली.

"पी."

मी पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर केले. त्यात ओंजळ होत नव्हती. मी महाडात जन्मलो. रोज कचेरीत जाताना या तळ्याला वळसा घालून जातो. दरवर्षी पाहुण्यांना वाट दाखवतो, पातेली उचलतो, भाषणं ऐकतो. घरी गाळलेलं पाणी आहे. या पाण्याला मी कधी हात लावल्याचं मला आठवेना, आणि आज लावायचं मनात आलं तर हातच नव्हते. मला फार लाज वाटली.

आत्याने पुन्हा हात बुडवले. तिची ओंजळ वर आली, बोटांतून पाणी गळत होतं. ती माझ्या तोंडाशी धरली. वाकायला मला काही कष्ट पडले नाहीत, मी वाकलेलोच होतो. मी तिच्या ओंजळीतून पाणी प्यालो. तोंड वर केलं तेव्हा समोरचं काही नीट दिसेना.

"कंबर दुखते का रे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"खोटं बोलू नको," ती म्हणाली, आणि वाकून तिने दुसरी ओंजळ भरली.